दोन्ही फुफ्फुसे सारखी नसतात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर गेल्या आठवड्यात मानवी श्वसनसंस्थेची ओळख करून देणारा लेख आणि त्यासोबत अर्धे पान व्यापणारी रंगीत आकृती प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांना कापून वहीत चिकटवता यावी म्हणून ती मोठी छापल्याचे खाली नमूद होते आणि आमच्या गल्लीतील दोन मुलांनी ती तशी चिकटवलीही. हेतू स्तुत्य आहे. परंतु त्या आकृतीत दोन्ही फुफ्फुसे एकमेकांची आरशातली प्रतिमा असावीत इतकी एकसारखी काढली आहेत, श्वासनलिकेच्या दोन्ही शाखा समान कोनात फुटलेल्या दाखवल्या आहेत, पडजीभ हेच श्वासनलिकेचे झाकण असल्याचे बाण काढून लिहिले आहे आणि लेखात ‘फुफ्फुसे प्रसरण पावून हवा आत ओढतात’ असे वाक्य आहे. ३१ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला चुका काढण्याची खोड असते, हे मी मान्य करतो. तरी या चुकांची किंमत परीक्षेतील अर्ध्या गुणाहून फार मोठी असू शकते, हे मला माझ्याच घरात कळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते वृत्तपत्राच्या मानाने लांबले आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझा नातू दोन वर्षांचा असताना घरी कुटासाठी शेंगदाणे भाजून सोलायला ठेवले होते. त्याने मूठभर उचलून तोंडात टाकले, कोणी तरी हसवले आणि त्याला जोराचा ठसका लागला. क्षणभर ओठ निळसर झाले, आम्ही पाठ थोपटली, खोकल्याची उबळ आली, दोन दाणे बाहेर पडले आणि तो पुन्हा खेळू लागला. संकट टळले असे समजून आम्ही तो प्रसंग विसरलो. पाच-सहा दिवसांनी खोकला सुरू झाला, मग ताप आला. छाती भरली आहे असे सांगून औषधे मिळाली, बरे वाटले, पुन्हा खोकला आला, पुन्हा औषधे झाली. असे तीन आठवडे गेले. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी नळी छातीला लावून दोन्ही बाजू बराच वेळ ऐकल्या आणि विचारले, “याला मध्यंतरी कधी ठसका लागला होता का?” उजव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी येत होता. दुर्बिणीने तपासले तेव्हा अर्धा शेंगदाणा निघाला, उजव्या शाखेत, फुगून मऊ झालेला.

ती शाखा उजवी होती, हा योगायोग नव्हता. श्वासनलिका प्रौढ माणसात सुमारे १० ते १२ सेंटीमीटर लांब असते आणि छातीत, हृदयाच्या जरा वर, तिला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा अधिक रुंद, अधिक आखूड आणि जवळजवळ सरळ खाली उतरणारा असतो. डावा फाटा अरुंद असतो, त्याची लांबी उजव्याच्या जवळपास दुप्पट असते आणि महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, कमानीखालून वाट काढत त्याला हृदयाला वळसा घालून आडवे जावे लागते. हृदय डावीकडे झुकलेले असल्यामुळे डाव्या फुफ्फुसाला जागा कमी मिळते. म्हणून त्याचे खंड दोनच, तर उजव्याचे तीन, आणि डाव्याच्या पुढच्या कडेला हृदयासाठी एक खाच असते. लहान मुलांत दोन्ही फाट्यांच्या कोनांतला फरक मोठ्यांइतका ठळक नसतो. तरीही वरून पडणारी वस्तू सरळ आणि रुंद वाटेनेच जाण्याचा संभव अधिक राहतो. आपल्या चित्रकाराने दोन्ही फाटे सारखे काढले तेव्हा त्याने आकृती सुबक केली, पण तिच्यातला सर्वांत उपयोगी तपशील पुसून टाकला.

शेंगदाण्याबद्दल आणखी दोन गोष्टी आपल्या वाचकांना माहीत असलेल्या बऱ्या. तो क्ष-किरण चित्रात स्वतः दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो काढला, काही निघाले नाही’ या वाक्यावर विसंबता येत नाही. शिवाय त्यातील तेलामुळे नलिकेच्या अस्तराला सूज येते. नाणे गिळले की घर हादरते. शेंगदाणा, चिंचोका किंवा सीताफळाची बी मात्र ठसक्यानंतर गप्प बसते आणि दिवसांनी, कधी आठवड्यांनी, न्यूमोनियाचे किंवा दम्याचे सोंग घेऊन पुढे येते. चार-पाच वर्षांखालील मुलाला अख्खे दाणे देऊ नयेत. अडकलेच तर मूल जोरात खोकते आहे तोवर त्याला खोकू द्यावे, कारण त्याहून चांगले साधन आपल्यापाशी नाही. आवाज बंद झाला, श्वास अडला, तर वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबावे. त्याहून मोठ्या मुलाला पाठीवरील थापांनंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने झटके द्यावेत. घशात आंधळेपणाने बोट घालून चाचपणे टाळावे, त्याने वस्तू आणखी खाली जाते. हे चालू असतानाच दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर फोन करावा.

आता पडजीभ. तोंड उघडून आरशात पाहिले की मागे लोंबणारा जो मांसल कोंब दिसतो तो म्हणजे पडजीभ. ती मऊ टाळूचा भाग आहे. गिळताना मऊ टाळू तिच्यासह वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद होते. हसता हसता दूध नाकातून येते ते ही वाट वेळेवर बंद न झाल्यामुळे. श्वासनलिकेचे झाकण, ज्याला एपिग्लॉटिस म्हणतात, ते निराळे असते. जिभेच्या मुळाशी असलेले ते कूर्चेचे, म्हणजे लवचीक मऊ हाडाचे, पान सहसा आरशात दिसत नाही. तेही एकटे पुरेसे नसते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा म्हणजे सारे स्वरयंत्रच वर सरकताना जाणवते. ते वर येऊन जिभेच्या मुळाखाली दडते, झाकण त्यावर कलते आणि आत स्वररज्जू एकमेकांना भिडून वाट मिटवतात. त्या क्षणी श्वास थांबलेला असतो. बोलायला आणि हसायला मात्र हेच स्वररज्जू आणि हीच हवा लागते. घरातील वडीलधारे जेवताना बोलू नये असे दटावत, त्यामागे हे शरीरशास्त्र त्यांना ठाऊक असो वा नसो, सल्ला योग्य होता. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आडव्या स्थितीत पेज किंवा पाणी पाजले जाते, तेही याच कारणाने धोक्याचे आहे. त्यांना उशांच्या आधाराने बसते करूनच भरवावे.

श्वासनलिकेच्या भिंतीतील कूर्चेच्या कड्या आपल्या आकृतीत पूर्ण गोल काढल्या आहेत. प्रत्यक्षात त्या मागच्या बाजूला उघड्या, घोड्याच्या नालासारख्या असतात आणि त्यांची संख्या १६ ते २० असते. मागे अन्ननलिका चिकटून असते, तिच्यातून मोठा घास उतरताना तिला फुगायला ही मऊ बाजू जागा देते. हा दोष लहान आहे, ओघात सांगितला.

‘फुफ्फुसे हवा आत ओढतात’ हे वाक्य मात्र सोडून देण्यासारखे नाही, कारण त्याने सगळे चित्रच उलटे होते. फुफ्फुसांना स्वतःला फुगवणारे स्नायू नसतात. त्यांचा स्वभाव आक्रसण्याचा आहे. बाहेर काढलेले फुफ्फुस ताणून सोडलेल्या रबरासारखे लहान होऊन बसते. श्वास घेण्याचे काम श्वासपटल करते. छाती आणि पोट यांच्यामधील घुमटासारखा हा स्नायू आकुंचन पावला की खाली सपाट होतो. शांत श्वासात तो जेमतेम दीड सेंटीमीटर खाली जातो, खोल श्वासात त्याच्या कित्येक पट. जोडीला बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात, बादलीची कडी बाजूने वर यावी तशा. छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि बाहेरची हवा आपल्या दाबानेच आत शिरते. हा फरक किती, तर शांत श्वासात साधारण एक सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका. एवढ्याशा उतारावर आयुष्यभर हवा येत-जात राहते. उच्छ्वासाला तर शांत बसलेले असताना कष्टही लागत नाहीत, स्नायू सैल सोडले की फुफ्फुसे आपोआप आक्रसतात.

मग छाती वाढल्यावर आक्रसू पाहणारे फुफ्फुस तिच्यासोबत का वाढते? शाळेतील हंडीचे प्रतिरूप सर्वांना आठवत असेल: काचेची हंडी, आत इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या नळीला बांधलेले दोन फुगे, तळाला ताणलेला रबराचा पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात. फुगे स्वतः काही करत नाहीत, हे दाखवायला याहून चांगले साधन नाही. पण त्यात फुगा आणि काच यांच्यामध्ये हवेची भली मोठी पोकळी असते, शरीरात तशी पोकळीच नसते. फुफ्फुसावर एक आवरण, छातीच्या आतून दुसरे आणि दोहोंमध्ये काही मिलिलिटर द्रवाचा पातळ थर, एवढेच असते. मी वर्गात दोन काचपट्ट्या पाण्याने ओल्या करून एकमेकींवर ठेवत असे. त्या एकमेकींवरून सहज घसरतात, पण सरळ ओढून वेगळ्या करणे जड जाते. फुफ्फुस छातीला असेच धरून असते. अपघातात छातीला भोक पडून त्या जागेत हवा शिरली की ही पकड सुटते आणि त्या बाजूचे फुफ्फुस मिटते. दोन्ही बाजूंची आवरणे स्वतंत्र असल्यामुळे दुसरे फुफ्फुस चालू राहते, हे मोठे नशीब.

नाकाविषयी थोडक्यात. आतील वळकट्या हवा गरम आणि दमट करतात, चिकट स्राव धूळ धरून ठेवतो, आणि बहुतेकांची एक नाकपुडी काही तास अधिक मोकळी राहते, मग पाळी बदलते. आपल्याकडे योगशास्त्रात सूर्यनाडी-चंद्रनाडी म्हणतात त्यामागचे निरीक्षण अचूक होते. त्याखाली श्वासनलिकेपासून निघालेले फाटे पुन्हा पुन्हा दुभंगत जातात. अशा सुमारे २३ पिढ्या होतात. त्यांतील पहिल्या १६ पिढ्यांत हवा नुसती वाहते, वायूंची देवघेव काहीच होत नाही. पुढच्या पिढ्यांना वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, लागतात आणि अखेरीस द्राक्षाच्या घडासारखे त्यांचे गुच्छ येतात. दोन्ही फुफ्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश. ते उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७५० चौरस फूट क्षेत्रफळ होते. आपल्या लेखात टेनिस कोर्टाची उपमा दिली आहे. ते मैदान याच्या अडीच पटींहून मोठे असते आणि आपल्या बहुसंख्य वाचकांनी ते पाहिलेलेही नसते. मुंबई-पुण्यातील दोन खोल्या-स्वयंपाकघराचे घर म्हटले असते तर अंदाज लगेच आला असता. हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, वहीच्या कागदाच्या शंभराव्या भागाहून कमी. विश्रांतीच्या वेळी तांबडी पेशी या पडद्याजवळून पाऊण सेकंदात निघून जाते आणि तिच्यात ऑक्सिजन भरायला त्यातला तिसरा हिस्साही पुरतो.

वायुकोश आतून ओले असतात आणि ओल्या सूक्ष्म बुडबुड्यांचा कल मिटण्याकडे असतो. ते मिटू नयेत म्हणून त्यांच्या भिंतीतील पेशी साबणासारखे काम करणारा एक पदार्थ स्रवतात. गर्भात तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड का जातो, याचे उत्तर १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकी संशोधकांनी या पदार्थाच्या अभावात शोधले. त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षांचे, जॉन केनेडी यांचे, वेळेआधी जन्मलेले बाळ याच विकाराने दोन दिवसांत गेले. आज अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात ते बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून. ते नाकारणाऱ्या नातेवाइकांना हे कोणी तरी नीट सांगायला हवे.

आपल्या लेखात दीर्घ श्वसनाची शिफारस आहे, कारण मात्र ‘त्याने रक्तातील ऑक्सिजन दुप्पट होतो’ असे दिले आहे. शिफारस बरोबर, कारण चुकीचे. २०२० नंतर बहुतेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. निरोगी माणसाचे आकडे ९५ ते १०० यांच्या दरम्यान असतात. ९७ टक्के भरलेली गोष्ट दुप्पट कशी होणार? खरा लाभ समजायला साधा हिशेब पुरतो. शांत श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातील १५० मिलिलिटर नाक, घसा आणि नलिकांतच राहते आणि देवघेव न होता परत जाते. मिनिटाला १२ श्वास घेतले तर ६ लिटर हवा आत येते आणि ३५० गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर वायुकोशांपर्यंत पोहोचते. आता तोच माणूस घाबरून २५० मिलिलिटरचे उथळ श्वास मिनिटाला २४ वेळा घेऊ लागला, तर एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. पण वायुकोशांत पोहोचणारी हवा १०० गुणिले २४, म्हणजे जेमतेम २.४ लिटर. छाती दुप्पट वेगाने हलते आणि उपयोगी हवा जवळपास निम्मी होते. धाप लागलेल्या माणसाला ‘सावकाश, खोल श्वास घे’ असे सांगतात त्यामागे ही वजाबाकी आहे. प्राणायाम करणाऱ्यांनी तो अवश्य करावा. त्यांना खोट्या आकड्याच्या आधाराची गरज नाही. दिवसभराची बेरीज केली तर बसल्या जागी ८,६०० लिटरहून अधिक हवा आपण आत-बाहेर करतो. उन्हाळ्यात आमच्याकडे येणारा पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा असतो. चुलीपुढे किंवा कचऱ्याच्या धुरात बसणाऱ्याच्या छातीतून रोज किती धूर फिरतो, हे यावरून ताडता येईल.

‘ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर’ हे सूत्र मीही फळ्यावर लिहीत आलो आहे, पण तेवढ्यावर थांबले की गोंधळ होतो. आत जाणाऱ्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर येणाऱ्या हवेत १६ टक्के उरतो. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांपर्यंत वाढतो. म्हणजे उच्छ्वासातही ऑक्सिजनच चौपट असतो, आणि म्हणूनच बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो.

याहून महत्त्वाची बाब अशी की, श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर आणि त्यामुळे वाढणाऱ्या आम्लतेवर लक्ष ठेवते. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो या वायूच्या साठ्याने. ऑक्सिजन घसरल्याची सूचना शरीर देते, पण उशिरा आणि क्षीण. हे एक वाक्य आपल्या लेखात असते तर मला बाकीच्या चुकांचे फारसे वाटले नसते, कारण आपल्याकडे दरवर्षी घडणारे तीन प्रकारचे मृत्यू त्या एका वाक्यात आहेत.

पहिला विहिरीतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले विहिरीत सूर मारतात आणि कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो याची पैज लावतात. त्यासाठी बुडी मारण्यापूर्वी दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घेण्याची युक्ती एकमेकांना शिकवतात. त्या श्वासांनी ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, मात्र कार्बन डायऑक्साइड उतरतो. परिणामी दम कोंडल्याची घंटा उशिरा वाजते, आणि ती वाजण्याआधीच ऑक्सिजन संपून मुलगा पाण्याखाली बेशुद्ध पडतो. उत्तम पोहणारा पोर बुडाला कसा, असे गाव विचारत राहते.

दुसरा प्रकार कोरड्या किंवा बंद विहिरीचा, टाकीचा, मैलावाहिनीचा. तिथे साचलेली हवा कुजण्याने ऑक्सिजन गमावून बसलेली असते, शिवाय विषारी वायूही असू शकतात. उतरणाऱ्याला वाटते, गुदमरू लागलो तर वर येऊ. परंतु ऑक्सिजन नसलेल्या हवेतही त्याचा स्वतःचा कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे जात राहू शकतो, त्यामुळे गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध जाते. तो पडलेला पाहून भाऊ उतरतो, मग शेजारी. पूर्वी दोरीला पेटता कंदील बांधून सोडत आणि तो विझला तर उतरत नसत. पद्धत शहाणपणाची होती, पण अपुरी. ज्योत पेटती राहूनही विषारी वायू असू शकतो, आणि ज्वालाग्राही वायू असल्यास ज्योतच घात करते. बाहेरून हवा पुरवणाऱ्या साधनाशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणीही, वाचवण्यासाठीसुद्धा, उतरू नये.

तिसरा प्रकार न्हाणीघरातला. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावतात. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. छाती हलते, हवा येते-जाते, कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो, म्हणून कोंडल्यासारखे वाटत नाही. डोके दुखते, गरगरते आणि माणूस खाली बसतो. अशा वेळी ऑक्सिमीटरही दगा देतो, कारण नेहमीच्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलेच दिसते. करोनाच्या काळात ८० च्या घरातील आकडा असूनही रुग्ण फोनवर निवांत बोलताना अनेकांनी पाहिले. त्यामागेही कार्बन डायऑक्साइड न वाढणे हे एक कारण होते.

अखेरीस दम्याच्या पंपाविषयी, कारण आपल्या लेखातील ‘शक्यतो गोळ्यांवर भागवावे, पंपाची सवय लागते’ हे वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो. दम्यात दोष सूक्ष्म नलिकांत असतो. त्यांच्या भिंतीत कूर्चेच्या कड्या नसतात, स्नायू असतात. अस्तर सुजते, स्नायू आवळतात आणि वाट अरुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा १६ पट होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम इथे जिवावर येतो. श्वास सोडताना या नलिका आणखी दबतात, म्हणून दमेकऱ्याला हवा घेण्यापेक्षा सोडणे कठीण जाते आणि सुईं-सुईं आवाज बहुधा उच्छ्वासात येतो. आता मात्रा पाहा. नलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे २० ते ४० पट. गोळी पोटात जाऊन, रक्तात मिसळून, साऱ्या शरीराला फिरून फुफ्फुसात येते आणि वाटेत हात थरथरवते, छाती धडधडवते. पंपाचे औषध जिथे काम आहे तिथेच पडते. अट एवढीच की, ते तिथवर पोहोचायला हवे. पंप दाबताना सावकाश, खोल श्वास घेऊन दहा सेकंद रोखावा, मुलांसाठी आणि वृद्धांसाठी पंप आणि तोंड यांच्यामध्ये नळकांडे (स्पेसर) जोडावे आणि सूज कमी करणाऱ्या दुसऱ्या पंपानंतर चूळ भरावी. कोणता पंप केव्हा घ्यायचा, हे डॉक्टरांना विचारावे. सवय लागते ती पंपाची नव्हे, दमा दीर्घकाळ टिकणारा आजार आहे म्हणून औषध दीर्घकाळ लागते. रक्तदाबाच्या गोळीला आपण सवय म्हणत नाही.

माझी विनंती मर्यादित आहे. आरोग्याच्या पानावर दुरुस्त आकृती पुन्हा छापावी. तीत उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड दाखवावेत, उजवी शाखा रुंद, आखूड आणि सरळ काढावी, पडजीभ आणि एपिग्लॉटिस वेगवेगळे दाखवावेत आणि श्वासपटलाला नुसत्या रेषेऐवजी घुमटाचा आकार द्यावा. आकृतीतील माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचे उजवे फुफ्फुस वाचकाच्या डाव्या हाताला येते. हे खाली ठळक छापावे, कारण या एका गोष्टीवर मी ३१ वर्षे मुलांचे गुण कापले आणि तो उजवा-डावा फरक कशासाठी लक्षात ठेवायचा, हे मात्र नातवाचा खोकला ऐकेपर्यंत एकाही वर्गाला सांगितले नव्हते. नव्या आकृतीचा आकार जुनीइतकाच ठेवावा, म्हणजे मुलांना ती वहीत आधीच्या आकृतीवर नेमकी चिकटवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जिल्हा सातारा